माझी शेवटची सोळा पाने

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर मोहरीच्या शेतातून धावणारी एक मुलगी छापली आहे. तिला पाहून फसू नका. माझ्या आतल्या गोष्टीतली नायिका एकदाही धावत नाही. सकाळी कपाचा कान धरायलासुद्धा तिला वेळ लागतो. मी एक चौदा वर्षांची कादंबरी आहे. माझे नाव ‘उन्हाकडची खुर्ची’. प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जण तोंडावर हात ठेवून हसतील. हसा, पण ऐका.

बदलापूरला कात्रपमधल्या दोन खोल्यांच्या घरात माझा जन्म झाला. माझ्या लेखिका मायाताई शाळेत विज्ञान शिकवत. तिशीतच त्यांच्या हातांना संधिवाताने धरले. बोटे सुजत, सकाळी मूठ वळत नसे, पुढे पुढे खडूही धरवेना. मग नोकरी सुटली, पण सांगायची सवय सुटली नाही. त्यांचे यजमान बुधाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कामावरून आले, चहा झाला, की ते वही उघडून बसत. मायाताई बोलत आणि ते लिहीत. एकेक शब्द पान्याने आवळून बसवल्यासारखे त्यांचे अक्षर होते.

मधेच ते पेन थांबवत. “अगं, हा सुदाम फारच शहाणा दाखवलास. माणूस चिडतो कधीतरी.”

“मग लिहा, सुदाम चिडला,” मायाताई म्हणत. “कशावरून ते तुम्हीच सांगा, तुम्हाला अनुभव आहे.”

तर गोष्ट अशी होती. प्राची पोस्टाच्या काउंटरवर काम करते आणि तिच्या बोटांना कायमचे दुखणे आहे. सुदाम शिलाई मशीन दुरुस्त करतो. सुरुवातीला त्याला काही समजत नाही. तो कौतुकाने तिचा हात घट्ट धरतो आणि ती कळवळते. हळूहळू तो हात धरण्याआधी विचारायला शिकतो. सकाळी उन्हात बसले की तिची बोटे मोकळी होतात, म्हणून तो अंगणातली खुर्ची उन्हाबरोबर सरकवत राहतो. एवढेच आहे माझ्यात. तलवारी नाहीत, खून नाहीत.

प्रकाशकांना गोष्ट आवडली, शेवट आवडला नाही. ते घरी आले होते तेव्हा मी अजून वहीतच होते.

“मायाताई, शेवटी तिला बरी करा. एखादा वैद्य आणा, नाहीतर ऑपरेशन आणा. वाचकाला शेवट गोड लागतो.”

“लग्न लावते आहे की. ते गोड नाही का?”

“पण दुखणं तसंच राहतं ना!”

“माझं राहिलंय,” मायाताई म्हणाल्या. “तिचं कुठे जाईल?”

प्रकाशकांनी पुष्कळ समजावले. मायाताईंनी एक ओळही बदलली नाही. अखेर माझ्या पाचशे प्रती निघाल्या. मुखपृष्ठावरची धावणारी मुलगी मात्र प्रकाशकांनी कोणाला न विचारता टाकली.

मी पोहोचले अंबरनाथ पूर्वेच्या एका छोट्या वाचनालयात. ते राजसीताई चालवत. शेजारी पिठाची गिरणी होती, त्यामुळे आम्हा सगळ्या पुस्तकांवर रोज पिठाचा पातळ थर बसे. राजसीताई फडक्याने आमची पाठ पुसत. पहिली चार वर्षे माझी चांगली गेली. मला नंबर लावून नेत. एका बाईंनी समासात पेन्सिलने लिहिले, ‘माझेही असेच.’ राजसीताईंनी रबर हातात घेतला, ते वाचले आणि रबर खाली ठेवला.

पुढे वाचणारे कमी झाले. मला खालच्या कप्प्यात भिंतीला टेकवून ठेवले आणि ती भिंत ओलसर होती. माझ्या शिवणीचा दोरा कुजला. छापखान्यात सोळा पाने एकत्र घडी घालून शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. माझा शेवटचा फर्मा एके दिवशी सुटून खाली पडला आणि केरातल्या पिठाबरोबर निघून गेला. कोणाला कळलेही नाही. मी तशीच उभी राहिले. बाहेरून धडधाकट आणि आतून शेवट नसलेली. वाचनालय बंद झाले तेव्हा राजसीताईंनी उरलेली पुस्तके एका खोक्यात भरून दाराबाहेर ठेवली आणि वर लिहिले, ‘हवे ते न्या.’

मला तेजलने नेले.

तेजल तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये हासानंद शेठ या सिंधी गृहस्थांचे लग्नपत्रिका छापण्याचे दुकान आहे, तिथे ती संगणकावर पत्रिका जुळवायची. तिने मला अंबरनाथमधल्याच आपल्या घरी नेऊन फ्रिजवर ठेवले आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागली. मला आधी नवल वाटले. मग कळले, तिला फार वेळ बसवत नसे. तिच्या कण्यालाच संधिवात होता. सकाळी उठायचे म्हणजे आधी कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडायचे, मग कॉटची कड धरून हळूहळू सरळ व्हायचे. तासाभराने शरीर चालू लागे. बाहेरून मात्र काही दिसायचे नाही. आठ वर्षे तिला लोक सांगत होते, उशी बदल, वजन उचलू नकोस, मनाचे खेळ आहेत. शेवटी एका डॉक्टरांनी नाव सांगितले आणि दर पंधरा दिवसांनी घ्यायचे इंजेक्शन सुरू केले. ते थंड ठेवावे लागे, म्हणून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे त्याची जागा होती.

हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हते. तेजलची आई विठाबाई आगरी घरातल्या, बोलायला रोखठोक. पण या एका गोष्टीवर त्यांनी कुलूप घातले होते.

“लगीन जमेपर्यंत कोनाला बोलू नको. मंग बघू.”

“मग म्हणजे कधी, आई? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी? मी उठताना ते बघणारच ना?”

“सगल्यांचं कायतरी दुखतंच,” विठाबाई म्हणत आणि विषय संपवत.

तेजल मला सहा दिवस वाचत होती. समासातल्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून ती बोट फिरवायची. सातव्या दिवशी ती शेवटी पोहोचली. प्राची आणि सुदाम लग्नाची नोंदणी करायला कचेरीत निघतात, त्या सकाळी प्राचीची बोटे कधी नव्हे इतकी सुजलेली असतात, आणि... पुढे नुसता पुठ्ठा. तेजलने मला उलटे केले, झटकले. “अरे यार!” ती मोठ्याने म्हणाली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे आले. आदल्या दिवशी विठाबाईंनी इंजेक्शनचा डबा शेजारच्या चिमीमावशींच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला, न जाणो पाण्याची बाटली काढताना कोणी पाहिले तर. मुलगा बदलापूरचा, नाव कल्पेश. नव्या इमारतींमध्ये लिफ्ट बसवणे आणि दुरुस्त करणे हे त्याचे काम. पोहे झाले, चहा झाला. दोघांना बोलायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे केले, तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली.

“तुम्ही वाचता वाटतं?”

“हो. पण हिची शेवटची सोळा पानं नाहीत.”

“मग शेवट कसा कळणार?”

“लेखिकेचा पत्ता आत आहे. तुमच्या बदलापूरचाच. कात्रप.”

“मग जाऊ ना! रविवारी नेतो, बाईक आहे माझी.”

तेजलने मनात हिशेब केला. अंबरनाथ ते बदलापूर बाईकवर, आणि तो रस्ता! “रिक्षाने जाऊ,” ती म्हणाली. कल्पेशला हे जरा विचित्र वाटले. बाईकवर बसायला लाजते आहे, असे समजून तो हसला.

रविवारी मी तिच्या पर्समध्ये होते. एव्हाना दोन्ही घरांनी जवळजवळ हो म्हटले होते, साखरपुड्याची तारीख काढायची राहिली होती. रिक्षा खड्ड्यात गेली की तेजल दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून अंग वर उचलायची. माझ्यावर तिचे कोपर दाबले जाई, म्हणून मला ते कळत होते. कल्पेश नव्या लिफ्टबद्दल सांगत होता. तिने एकदाही “हं” चुकवले नाही.

दार बुधाजींनी उघडले. मायाताई खिडकीशी बसल्या होत्या. आता त्या सत्तरीच्या आहेत आणि त्यांची बोटे बाहेरच्या बाजूला वळली आहेत. त्यांनी मला दोन्ही तळहातांत धरले, बोटांचा उपयोग न करता. बारा वर्षांनी मी त्या हातांत गेले होते.

“माझ्याकडे एकही प्रत नाही गं,” त्या म्हणाल्या. “शेवटची कोणाला दिली, तेही आठवत नाही.”

“आणि वह्या पुराच्या पाण्यात गेल्या,” बुधाजी म्हणाले. “पण शेवट जातो कुठे? तू सांग, मी चुकलं तर बोलतो.”

तेजलने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केले. मायाताई सांगू लागल्या. नोंदणी कचेरीत प्राचीला सही करता येत नाही. पेन बोटांतून गळून पडते. कारकून म्हणतो, अंगठा द्या, मागे रांग आहे. प्राची म्हणते, मी पोस्टात रोज शंभर सह्या तपासते, मी अंगठा देणार नाही.

“त्याच्या आधी भांडण आहे,” बुधाजी म्हणाले. “सुदाम म्हणतो, दे ना अंगठा, काय फरक पडतो. आणि ती त्याच्याशी बोलत नाही.”

“हो, बरोबर. भांडण आहे.” मायाताई हसल्या. “मग त्याला कळतं, फरक पडतो. तो कचेरीतली एक खुर्ची उचलतो, कोणाला विचारत नाही, बाहेर पटांगणात उन्हात नेऊन ठेवतो. ती बसते. मागची पाच जोडपी पुढे जातात, त्यांची लग्नं लागतात. यांचे साक्षीदार कंटाळतात. साडेअकरा वाजता तिची बोटं सुटतात. मग ती आत जाते आणि पूर्ण नाव लिहून सही करते. संपलं.”

मग कल्पेशने विचारले, “पण ती बरी होत नाही?”

“नाही.”

“काकू, खरं सांगू का? बरी व्हायला पाहिजे होती. एवढं सोसलं तिनं.”

“हा आजार बरा होत नाही,” तेजल म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पत्रिकेतला मजकूर वाचून दाखवावा तसा. “आटोक्यात राहतो. मला माहिती आहे, कारण मला त्याच जातीचा आहे. पाठीच्या कण्याला. आठ वर्षं झाली. इंजेक्शन चालू आहे. तुम्ही आलात त्या दिवशी ते शेजारच्या फ्रिजमध्ये लपवलं होतं.”

कल्पेशने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, जणू हे सगळे मीच केले होते.

“म्हणून बाईक नको म्हणालात?”

“हो.”

“मग तेव्हाच बोलायचं ना! मी तासभर लिफ्टच्या गोष्टी सांगतोय आणि तुम्ही...” तो उठला. “मला खोटं नाही चालत. सॉरी काकू.” आणि तो चपला घालून निघून गेला.

तेजल रडली नाही. मायाताईंनी तिच्या खांद्यावर आपला वाकडा हात ठेवला आणि बुधाजी चहा करायला उठले. परतीच्या रिक्षात ती एकटीच होती.

तीन दिवसांनी कल्पेशच्या मामांचा फोन आला. पत्रिका जुळत नाही, असे ते म्हणाले. विठाबाईंनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

“झालं तुजं समाधान? आता घरोघर कलेल.”

“कळू दे, आई. मला रोज सकाळी चोरासारखं उठायचं नाही.”

विठाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या चिमीमावशींकडे गेल्या, इंजेक्शनचा डबा घेऊन आल्या आणि कोथिंबिरीच्या डब्याच्या पुढे ठेवला. मागे नव्हे, पुढे. फ्रिजचे दार उघडले की तोच आधी दिसे.

तेजलने मग माझे काम हाती घेतले. दुकानात जेवणाच्या सुट्टीत ती फोनमधला आवाज ऐकत शेवटची पाने जुळवू लागली. अक्षरे माझ्या जुन्या अक्षरांशी मिळावीत म्हणून मला समोर उघडून ठेवायची. हासानंद शेठनी दोनदा डोकावून पाहिले. “बेटा, ये कौनसा कार्ड आहे? इतका लांब मजकूर कोण छापतो?” तेजलने सांगितल्यावर ते म्हणाले, “ठीक आहे साईं, क्रीम कलरचा कागद पडलाय तो घे. जाड आहे, टिकेल.”

ती अंगठ्यावरून झालेल्या भांडणाचे पान जुळवत होती, तेव्हा कल्पेश दुकानात आला. महिना उलटून गेला होता.

“या साईं, बसा!” शेठ उठले. “शादी कुणाची? लेझर कटिंगमध्ये नवीन माल आलाय.”

“अजून ठरलं नाही,” कल्पेश म्हणाला आणि तेजलच्या टेबलापाशी उभा राहिला. “दहा मिनिटं बोलता येईल?”

“बोला.”

“मामांचा फोन मला न विचारता गेला. पण मी पण लगेच उलट फोन केला नाही, ते माझं चुकलं. मी चिडलो होतो. आजारावर नाही, लपवण्यावर.” त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. “मला काही विचारायचंय. लिहून आणलंय, नाहीतर विसरतो. इंजेक्शन थंड ठेवायचं, मग प्रवासात काय करता?”

“बर्फाची पिशवी असते.”

“बसल्यावर जास्त दुखतं की चालल्यावर?”

“बसल्यावर. चाललं की बरं वाटतं. सकाळी सगळ्यात वाईट.”

त्याने ते लिहून घेतले. मग म्हणाला, “म्हणजे लिफ्टसारखं. बंद पडून राहिली की जाम होते, चालू ठेवली की...”

“मी लिफ्ट नाही,” तेजल म्हणाली.

“सॉरी.” तो खरेच ओशाळला. मग तेजलला हसू आले, आणि पलीकडून शेठही हसले, कारण ते सगळे ऐकत होते.

“घरी आईला पटलेलं नाही,” कल्पेश म्हणाला. “मला पूर्ण समजलंय असंही नाही. पण मला समजून घ्यायचंय. चालेल?”

“दर आठवड्याला एक प्रश्न,” ती म्हणाली. “आणि उत्तर खरं मिळेल, आवडलं नाही तरी.”

असे चौदा महिने चालले. मधे एकदा तिचे दुखणे इतके वाढले की ती तीन आठवडे कामावर गेली नाही. तो घरी आला, वेदनेने तिला धड बोलताही येत नाही हे पाहून घाबरला आणि पंधरा दिवस फिरकलाच नाही. ते तिने त्याला स्पष्ट सुनावले. तो परत आला, तेव्हा त्याने घाबरल्याचे कबूल केले. मग लग्न झाले. पत्रिका तेजलनेच जुळवली आणि मुहूर्त मुद्दाम दुपारचा घेतला. सासूबाई अजूनही दर सणाला विचारतात, “बरी कधी होणार गं?” तेजल दर सणाला तेच उत्तर देते. एवढ्या बाबतीत अजून काही बदलले नाही.

माझा नवा फर्मा क्रीम रंगाचा आहे, बाकीच्या पिवळ्या पानांत उठून दिसतो. एका बाइंडरने तो जाड दोऱ्याने शिवून दिला. तेजल मला सासरी घेऊन गेली नाही. उल्हासनगरमध्ये ती ज्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाते, तिथल्या बाकाजवळच्या फळीवर तिने मला ठेवले. तिथे माणसांना दोन दोन तास बसावे लागते.

परवा एक जोडपे आले होते. बाईंचे गुडघे आणि मनगटे सुजलेली. नवरा सोबत आला होता खरा, पण सारखा घड्याळ पाहत होता. कंटाळून त्याने मला उचलले, मुखपृष्ठावरची धावणारी मुलगी पाहून नाक मुरडले आणि मधलेच पान उघडले. तिथे सुदाम प्राचीला विचारतो, हात धरू का, आज कसा आहे? माणूस वाचत राहिला. दहा पाने झाली, वीस झाली. मग त्याने मान वर केली.

“तुला पण सकाळीच जास्त होतं का गं?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. “हो.”

“रोज?”

“रोज. अठरा वर्षांत आज विचारलंत.”

तेवढ्यात बाईंचे नाव पुकारले गेले. तो बाहेर थांबणार होता. पण त्याने मला फळीवर ठेवले, बाईंची पिशवी स्वतःकडे घेतली आणि त्यांच्या पाठोपाठ आत गेला.

मित्रांनो, आता तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आम्हा पुस्तकांना ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आमचा शेवट गळून पडतो. आणि घरात कोणी दुखते आहे असे म्हणाले, तर खरेच का, असे विचारू नका. कुठे, ते विचारा.